जुन्या एआर-३ए स्पीकरांचे कपॅसिटर: सगळे बदलायचे की मोजून?

सातारकर

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. मामांनी बोस्टनहून कायमचं परत येताना आणलेली अकूस्टिक रिसर्चची एआर-३ए स्पीकरांची जोडी आता माझ्याकडे आली आहे. खर्जाला बारा इंची वूफर, मधल्या सुरांना दीड इंची डोम, वरच्यांना पाऊण इंची डोम. पेटी चारी बाजूंनी बंद आणि इतकी जड की एकट्याने उचलायचा विचार करू नये.

उजवा उत्तम वाजतो. डाव्यातून वरचे सूर जवळजवळ येतच नाहीत. तानपुऱ्याची जवारी उजव्यात लख्ख, डाव्यात नुसता घुमारा. डाव्या ट्वीटरला, म्हणजे वरच्या सुरांच्या डोमला, कान लावला तर अगदी बारीक कुजबुज ऐकू येते, म्हणजे तो जळालेला नाही.

एका दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडताच सांगितलं, "पन्नास वर्षांचे कंडेन्सर आहेत, सगळे मेले असणार." आणि परदेशी फिल्म कपॅसिटरचा (कपॅसिटर म्हणजेच कंडेन्सर, फिल्मवाल्यात आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो) जो आकडा सांगितला त्यात नवीन स्पीकर येतील. दुसरा म्हणाला, आतलं सगळं काढून गाडीचे ट्वीटर बसवून देतो. त्याला नमस्कार करून निघालो.

प्रश्न असे: सगळे कपॅसिटर बदलावेत का? बदलायचे तर कोणते घ्यावेत? इथे मिळतात का? मला आवाज 'सुधारायचा' नाहीये. मामांकडे लहानपणी ऐकला तसाच हवा आहे.

सोल्डरगन

सगळे बदला. पेटी एकदाच उघडायची, वूफर एकदाच काढायचा, काम एकदाच करायचं. अर्धे जुने ठेवले तर दोन वर्षांनी परत तेच स्क्रू फिरवत बसाल आणि दर वेळी जुन्या लाकडातली स्क्रूची भोकं सैल होत जातात.

मीटरवाला

सोल्डरगन, स्क्रूच्या भोकांचा मुद्दा मान्य. पण न मोजता बदलायला माझा विरोध आहे आणि कारण सांगतो.

एआर-३एच्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खर्ज, मधले आणि वरचे सूर वेगळे करून ज्या त्या स्पीकरकडे धाडणाऱ्या सर्किटमध्ये, कपॅसिटर तीन: वूफरला समांतर १५० मायक्रोफॅरड, मधल्या डोमच्या वाटेत ५०, ट्वीटरच्या वाटेत ६. त्या काळात हे बहुतेक नॉन-पोलर (कुठल्याही बाजूने जोडता येणारे) इलेक्ट्रोलिटिक असत. आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये ओला कागद. वर्षानुवर्षांत तो ओलावा उडतो, आणि मग आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. हा रोध ट्वीटरच्या वाटेत सिरीजमध्ये बसतो.

आता हिशेब करा. ट्वीटर ४ ओहमचा धरला आणि ईएसआर १ ओहम वाढला तर आवाज साधारण २ डेसिबलने उतरतो. २ ओहम वाढला तर साडेतीन डेसिबल. कानाला कळतो, वरचे सूर थोडे झाकोळतात. पण सातारकर म्हणतात तशी कुजबुज उरत नाही. म्हणजे एक तर कपॅसिटर पूर्ण तुटलाय किंवा दोष दुसरीकडेच आहे. माझा संशय दुसरीकडे आहे.

दूरदेशी

मीटरवाला यांना +१.

सातारकर, पेटीच्या मागे दोन फिरत्या खुंट्या आहेत ना? एक मधल्या सुरांची, एक वरच्या सुरांची, शेजारी पांढरा ठिपका. एआरचं खरं दुखणं तिथे आहे. आत तारेची गुंडाळी आणि तिच्यावरून फिरणारी पट्टी असलेले पोटेन्शिओमीटर आहेत. ते हिरवे पडतात आणि संपर्क तुटतो. इथे न्यू जर्सीत घरातलं जुनं सामान विकायला काढतात तेव्हा एआर बऱ्याचदा दिसतात, आणि ज्यांचा एक ट्वीटर 'मेलाय' म्हणून स्वस्तात मिळतात त्यांत निम्म्या वेळा ट्वीटर ठणठणीत असतो.

आधी एवढंच करा. हळू आवाजात काहीतरी लावा आणि डाव्या पेटीची ट्वीटरची खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. खरखर होऊन मध्येच आवाज आला-गेला तर चोर सापडला.

दुसरं, मागे १, २ आणि टी अशा तीन स्क्रूंपैकी २ आणि टी जोडणारी धातूची पट्टी असते. ती सैल किंवा गंजलेली असेल तरी आवाजाचा एक भाग गायब होतो. तीही घासून घट्ट करा.

ओहम शांती

म्हणजे दुरुस्तीवाल्याचं निदान पन्नास हजारांचं आणि खरं औषध स्क्रूड्रायव्हर!

सोल्डरगन

अहो, निदान अजून झालेलं नाही. खुंटी फिरवू दे त्यांना, मग बोलू.

सातारकर

दूरदेशी, आत्ताच फिरवून पाहिली. खरखर तर आहेच, शिवाय साधारण पाऊण फेरीवर एका जागी अचानक टाळ कडाडला! थोडं पुढे-मागे केलं की परत गप्प. घरातले सगळे धावत आले. मधल्या सुरांच्या खुंटीतही खरखर आहे पण आवाज जात नाही.

तर मग आता कपॅसिटरला हातच लावायचा नाही का?

दूरदेशी

पेटी उघडावी लागणारच, कारण खुंटी बाहेरून साफ होत नाही. नुसता क्लीनरचा फवारा महिनाभर टिकतो. ती काढून, उघडून, फिरणारी पट्टी आणि गुंडाळी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि वर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गुंडाळीच तुटली असेल तर एल-पॅड (आवाज कमी-जास्त करणारी नवी खुंटी) बसवता येतो. आता उघडणारच आहात तर कपॅसिटर मोजून घ्या.

एक अवांतर. एआर ही केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सची कंपनी, १९५४ साली एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी काढलेली. बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढायचा ही व्हिलचर यांची कल्पना. आधीचं एआर-३ मॉडेल अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तंतुवाद्यांच्या चौकडीचं वादन प्रत्यक्ष चालू असताना मध्येच गुपचूप ध्वनिमुद्रणावर जायचं आणि श्रोत्यांना फरक ओळखता येतो का ते पाहायचं, असे जाहीर प्रयोग ते करत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी ऐकण्याची खोली उघडली होती. गाडीची वाट पाहणाऱ्या कुणीही आत येऊन बसावं, विकायला कुणी अंगावर येत नसे.

सांगायचा मुद्दा, हवा हीच स्प्रिंग असल्यामुळे पेटी परत बंद करताना फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. वूफरखालचं जुनं पुटीसारखं सील फेकू नका. नवं बसवा किंवा तेच नीट मळून लावा. झाल्यावर वूफर हलक्या हाताने, सगळीकडून सारखा दाबून सोडा. सावकाश वर आला तर पेटी हवाबंद आहे.

तानपुरा_जुळव

स्टेशनातली ऐकण्याची खोली! दादरला कुणीतरी काढा हो अशी. लोकल चुकली तरी चालेल.

दर्याकिनारी

रत्नागिरीकरांचा अनुभव सांगतो. आमच्याकडे खारी हवा असल्याने कपॅसिटरच्या कितीतरी आधी खुंट्या, स्विच आणि मागचे स्क्रू जातात. उलट विदर्भातल्या मित्राकडे धातू चकचकीत पण इलेक्ट्रोलिटिक सुकलेले. माळ्यावर पत्र्याखाली स्पीकर ठेवले होते त्याने. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको.

सातारकर, वूफरची कड बघितली का? फोमची असेल तर ती न वाजवताही कुजते. बोट लावून बघा, पीठ झालं असेल.

जुना_व्हॉल्व्ह

इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते म्हणून लिहितो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत मेणकागदाचा कपलिंग कंडेन्सर गळायला लागला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह लाल होतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जातो. तिथे न मोजता बदलणं शहाणपणाचं आहे. मी मर्फी किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ हाती आला की तो कंडेन्सर बदलल्याशिवाय प्लग लावतच नाही. स्पीकरमध्ये तशी घाई नसते. तिथे म्हातारपण हळूहळू येतं. अपवाद एकच, ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर शॉर्ट झाला तर खालचे सूर थेट ट्वीटरवर जातात आणि तो जळतो. एआरचा तो पाऊण इंची डोम आता नवा मिळत नाही.

आणि सगळेच जुने कंडेन्सर म्हातारे होत नाहीत. पॉलिस्टरचे फिल्मवाले पन्नास वर्षांनीही छापील किमतीच्या जवळ मोजले जातात. ते उगाच उपटू नका.

दूरदेशी

जुना_व्हॉल्व्ह, अगदी. माझ्याकडे डायनाको ए-२५ आहेत, डेन्मार्कमध्ये बनलेले. त्यांच्या क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर एकच, ५ मायक्रोफॅरडचा. तिथे फार विचार करावा लागत नाही.

सोल्डरगन

ठीक, मोजा. पण मोजायचं कसं तेही सांगा, नाहीतर लोक साध्या मल्टिमीटरने मोजतात, आकडा छापील किमतीपेक्षा जास्त आला की म्हणतात "वा, पूर्वीपेक्षा तब्येत सुधारली!"

मीटरवाला

सोल्डरगन यांनी मर्मावर बोट ठेवलं. जुना इलेक्ट्रोलिटिक गळायला लागला की मीटर त्याची क्षमता बऱ्याचदा जास्त दाखवतो. ६ च्या जागी ७ दिसले म्हणजे तो धडधाकट आहे असं नाही. क्षमता आणि ईएसआर दोन्ही दाखवणारा एलसीआर मीटर हवा. नसेल तर ईएसआर दाखवणारे छोटे कॉम्पोनंट टेस्टर आता स्वस्तात मिळतात, तेही चालतील. मोजताना कपॅसिटरचा एक पाय सोडवायचाच, नाहीतर शेजारची कॉइल आणि ड्रायव्हर मिळून भलताच आकडा येतो.

मीटरच नसेल तर जुनी युक्ती: चांगला ६ चा कपॅसिटर जुन्याच्या दोन्ही पायांना समांतर टेकवा, आवाज हळू ठेवून. ट्वीटर एकदम खुलला तर जुना दोषी. काही फरक नाही तर पुढे शोधा.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर प्रत्येक वायरचा फोटो काढा. कॉइल जागच्या हलवू नका, त्यांचे कोन ठरवून ठेवलेले असतात. आत काचलोकर आहे, हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात घालू नका, दोन दिवस खाजवत बसाल. त्या काळातला तेल भरलेला धातूचा कपॅसिटर कुठल्या यंत्रात सापडला आणि तो पाझरत असेल तर उघड्या हाताने शिवू नका. तशा तेलात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. अमेरिकेत त्यावर १९७९ साली बंदी आली.

नवखा_श्रोता

वाचतोय. एक बाळबोध शंका: अमेरिकेतले स्पीकर आहेत, ११० व्होल्टचा काही प्रश्न?

जुना_व्हॉल्व्ह

नाही. स्पीकरला विजेचं कनेक्शनच नसतं, अ‍ॅम्प्लिफायरकडून येईल तेवढंच. प्रश्न आला तर इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकरच्या ओहममधल्या रोधाचा, येईल. एआर-३ए चार ओहमचे आहेत आणि काही अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमवर जोरात वाजवले की तापतात. मागे काय छापलंय ते बघून घ्या.

ओहम शांती

मूळ प्रश्नातला एक राहिलाच, कपॅसिटर कोणते घ्यायचे? मी पंख्याचे वापरतो. छताच्या पंख्यातला ३.१५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन आहे, परदेशी डब्यात असतो तोच पदार्थ. दोन समांतर जोडले की ६.३. पाच टक्के जास्त, म्हणजे कारखान्यातून आलेल्या मूळ मालातही एवढी सूट असे. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. फक्त चालू पंख्याचा काढू नका, मे महिन्यात घरात क्रांती होईल.

सोल्डरगन

हसू नका मंडळी, हे खरंच चांगलं काम करतं. मी मंडळाच्या हॉर्नच्या ड्रायव्हरांना संरक्षण म्हणून तेच लावतो. दोन सूचना: मोटर 'रन'चे (मोटर चालू असेपर्यंत जोडलेले राहणारे) घ्या, 'स्टार्ट'चे नको. पंपाच्या स्टार्टरमधले काळे डबे इलेक्ट्रोलिटिक असतात आणि क्षणभरच चालण्यासाठी बनवलेले. आणि आकाराने मोठे असतात म्हणून नीट आवळून बसवा, नाहीतर खर्जाबरोबर तेच थरथरतील.

तानपुरा_जुळव

मला फिल्म कपॅसिटरबद्दल वेगळं म्हणायचं आहे. माझ्या जुन्या ब्रिटिश जोडीत सगळीकडे फिल्म घातले आणि तानपुरा बदलला. खर्जाची तार आणि जोडाच्या तारा मिळून जो एक पडदा तयार होतो, त्यातली जवारी इतकी पुढे आली की गायकाच्या आधी तीच ऐकू यायची. मीटर म्हणत होता सगळं बरोबर. कान म्हणत होते हे ते नाही.

मीटरवाला

ताई, तुमच्या कानाचं म्हणणं बरोबरच आहे आणि त्याला कारण आहे. मूळ डिझाइन करणाऱ्याने नव्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडासा ईएसआर गृहीत धरूनच आवाज बसवलेला असतो. फिल्मचा ईएसआर जवळपास शून्य, त्यामुळे ट्वीटर मूळ नव्या स्पीकरपेक्षाही किंचित उजळ होतो. उपाय सोपा: फिल्मबरोबर सिरीजमध्ये ०.३३ किंवा ०.४७ ओहमचा पाच वॉटचा रोध टाका. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

तानपुरा_जुळव

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. या रविवारी करून बघते.

सोल्डरगन

किंवा सरळ नवा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक टाका, मूळ आवाज हवा असेल तर तेच प्रामाणिक. १५० मायक्रोफॅरड तर फिल्ममध्ये घेऊच नका, महाग आणि अवजड. १०० व्होल्टचे नॉन-पोलर पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून मिळतात. नेमका आकडा नसेल तर समांतर जोडून जमवा, १०० आणि ४७ मिळून १४७. दोन्ही पेट्यांत मात्र सारखेच आकडे ठेवा. डाव्या-उजव्यात फरक पडला की गायक मधून सरकतो.

पेठेतला

बुधवारात तपकीर गल्लीत दुपारी एक ते चार जाऊ नका. पुढचं सांगायला नकोच.

सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, तपशील लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.

वूफरची कड कापडी निघाली, कुजलेली नाही. म्हणजे ही जोडी सुरुवातीच्या काळातली. काचलोकर पिशवीत भरून बाजूला ठेवली. डाव्या ट्वीटरची खुंटी उघडली तर आतली पट्टी पूर्ण हिरवी, गुंडाळीवर बुरशीसारखा थर. पट्टी जिथे पूर्वापार थांबलेली असायची तेवढी एक जागा उघडी पितळी, बाकी सगळं झाकलेलं. बारीक पेपरने घासत गेलो तशी तार एकेक वेटोळ्याने चमकायला लागली. चारही खुंट्या साफ केल्या.

कपॅसिटर मेणात बुडवलेल्या डब्यात होते. पाय सोडवून मोजले. ६ चा ६.९ आणि ईएसआर दोन्ही पेट्यांत दीड ओहमच्या वर. ५० चा ६१. १५० चा १६०, ईएसआर कमी. मग ६ आणि ५० बदलले, १५० तसाच ठेवला. ६ च्या जागी पंख्याचे दोन आणि ०.४७ ओहमचा रोध, ५० ला नवे नॉन-पोलर.

आधी एकच पेटी पूर्ण केली आणि मोनो ध्वनिमुद्रण लावून दोन्ही आलटूनपालटून ऐकल्या, उजवी तेव्हा जुन्याच कपॅसिटरवर. फरक आहे, पण खुंटी साफ केल्याने पडला त्याच्या तुलनेत लहान. झांज विरत जाताना शेवटचा थोडा भाग जास्त ऐकू येतो. गायकाचा आवाज जसाच्या तसा. मामांना फोनवर ऐकवायचा प्रयत्न केला, ते म्हणाले फोनवर काय कळतंय, येतोच दिवाळीत.

मीटरवाला

सुंदर काम. १५० चा १६० म्हणजे सात टक्क्यांच्या आत, ठेवलात ते योग्यच.

सोल्डरगन

१५० मी बदलला असता, पण आकडे समोर आहेत त्यामुळे भांडत नाही. खुंट्या दर सहा महिन्यांनी एकदा पूर्ण फिरवत जा, थर धरणार नाही.

दूरदेशी

आणि काढलेले जुने कपॅसिटर फेकू नका, पेटीतच पिशवीत बांधून ठेवा. पुढेमागे कुणी मूळ स्वरूपात हवेत म्हणालं तर उपयोगी पडतात.

नवखा_श्रोता

हे वाचून धीर आला. आमच्याकडे वडिलांचे सोनोडाइनचे जुने स्पीकर आहेत, दोन्ही ट्वीटर मंद. मागे खुंटी वगैरे काही नाही. कुठून सुरू करू?

मीटरवाला

खुंटी नाही म्हणजे संशयितांतला एक कमी झाला. ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर शोधा, त्यावर छापलेला आकडा आणि उघडल्यावरचा फोटो इथे टाका. मीटर आहे का जवळ? नसेल तर तुमचं शहर सांगा, इथे कुणी ना कुणी जवळचं निघेल.

नवखा_श्रोता

कोल्हापूर.

ओहम शांती

मी इचलकरंजीत आहे. शनिवारी मीटर घेऊन येतो, तांबडा-पांढरा तुमच्याकडे.